एक फळी

दारव्हा,
महाशिवरात्रीनंतरचा मंगळवार

प्रिय शालू,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण आपला फोन पुढच्या खोलीत आणि फोनशेजारच्या खुर्चीत तुझे बाबा. मी 'हॅलो' म्हटलं की ते पेपर खाली ठेवतात, आणि मग मला अर्धं बोलणं गिळावं लागतं. परवा तू विचारलंस, मला न्यायला कधी येताय, सातवा संपत आला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या हातून फोन घेतला, 'बघतो, कळवतो' म्हणाले आणि ठेवून दिला. तुला किती लागलं असेल ते मला कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बघण्यासारखं काय असतं? तिकडे वाशीमला तुझ्या सासूबाई सगळ्यांना सांगत असतील, पहिल्याला आमच्याकडे कसली घाई, तिचं माहेर आहे ना भक्कम. त्या 'बघतो'चं उत्तर तुला द्यावं म्हणून मी बसले आहे, आणि बसल्यापासून दोनदा उठले. एकदा दूध बघायला आणि एकदा साखरेचा डबा हलवायला.

साखरेला या महिन्यात ठिकाण म्हणून नाही. आधी ती मिठाशेजारी होती, मग वरच्या फळीवर गेली, तिथे मुंग्या लागल्या म्हणून ताटात पाणी घालून त्यात बसवली, आणि आता पुन्हा मिठाशेजारी आली आहे. तुझ्या बाबांनी काल चहात मीठ घातलं आणि निमूट प्यायले, यावरून घरातल्या हवेची कल्पना कर. माझं स्वयंपाकघर तू ओळखणार नाहीस. खरं म्हणजे ते आता स्वयंपाकघरात नाहीच. मागच्या पडवीत, टिनाखाली, जिथे तुझी सायकल असायची तिथे गॅस आहे. तुझ्या शाळेच्या पुस्तकांची ती लाकडी मांडणी भिंतीशी लावली आहे, तिच्यावर माझा सगळा संसार. काहून असं, म्हणशील. कापसामुळे.

लाडखेड रस्त्यावरचं आपलं शेत खेमसिंग बटईने करतो, निम्मं त्याचं निम्मं आपलं, हे तुला ठाऊकच आहे. इतकी वर्षं कापूस बाहेरच्या बाहेर गाडीत भरून जायचा. आपल्याला त्याचं दर्शन व्हायचं ते फक्त गादी भरायची असली तर. पण बाबा निवृत्त झाले आणि त्यांना विचार करायला वेळ मिळाला. यंदा त्यांनी जाहीर केलं की दिवाळीत विकतो तो फसतो, थांबायचं. खेमसिंगलाही थांबवलं. त्याच्या तांड्यावरच्या घरात माणसांनाच जागा पुरत नाही, म्हणून त्याचा वाटाही आपल्याकडेच आला. पहिला वेचा मधल्या खोलीत, दुसरा तुझ्या खोलीत, पार खिडकीच्या वरपर्यंत. भाव संक्रांतीला चढणार होता. मग महाशिवरात्रीला. आता पाडव्याचा वायदा आहे. भाव काही पंचांग बघून चढत नाही, असं मी एकदा म्हणाले, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

कापूस घरात आला की पहिला नियम विस्तवाचा. एक ठिणगी पडली तर घर जाईल, आणि ते खरंच आहे, पेठेत मागे एकाचं गेलं. म्हणून काडेपेटी तुझ्या बाबांच्या शर्टाच्या खिशात असते. मला गॅस पेटवायचा झाला की मी पुढे जाऊन मागायची, पेटवायचा, पुन्हा नेऊन द्यायची. देवापुढे समई नाही, झिरो बल्ब लावला आहे. उदबत्तीसुद्धा अंगणातल्या तुळशीत. पुंडलिकराव त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला येतात, त्यांची विडी फाटकाबाहेर काढून घेतली जाते. आणि अंगाला खाज. कापसात बारीक किडे असतात, दिसत नाहीत, पण मानेवर, कोपरात नुसती आग होते. आम्ही दोघं बोलता बोलता खाजवत असतो. तुझे बाबा म्हणतात, उष्णतेने होतं. माघात कसली आली उष्णता.

तर मी ठरवलं, ही काही चिडत बसायची वेळ नाही. शालू येणार, तिला खोली पाहिजे, हवेशीर आणि कोरडी. तुझ्या खोलीतला कापूस कुठे घालायचा? घरात एकच खोली रिकामी होण्यासारखी होती, ती माझी. गॅस पडवीत गेलाच होता, डबेच तेवढे आत होते आणि मी दिवसभर आत-बाहेर करत होते. म्हटलं, डबेही बाहेर नेऊ, स्वयंपाकघर कापसाला देऊ. फक्त एवढं सगळं एका मांडणीत मावायला हवं. मी कंबर कसली.

शालू, आपल्याकडे किती डबे होते, तुला सांगते तर हसशील. डालड्याचे, बोर्नव्हिटाचे, श्रीखंडाचे, तुझ्या लग्नातल्या बुंदीचे. झाकणं वेगळी, डबे वेगळे, कोणाचा कोणाला पत्ता नाही. एकात तुझ्या आजीच्या वेळची सुंठ, दगड झालेली. एका बरणीत कसलं तरी लोणचं, त्याचं नाव आता त्यालाच माहीत. पुरवणीत मी वाचलं होतं की वर्षभरात जे वापरलं नाही ते घराबाहेर काढावं. या हिशेबाने सगळ्यात आधी तुझ्या बाबांची पेटी गेली असती, तिच्या भात्यात उंदरांची तिसरी पिढी आहे. जाऊ दे. मी रोज सकाळी फाटकाशी ढीग ठेवायची, भांडीवाली येईल तेव्हा मोडीत द्यायला, आणि दुपारी पाहावं तर निम्मा ढीग परत आत. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्म गेलेला माणूस. बिनझाकणाचा डबा हातात धरून मला सांगतात, झाकण सापडेल कधीतरी. मी म्हटलं, सापडेल तेव्हा सापडेल, तोवर त्याला तुमच्या खुर्चीखाली ठेवा. ठेवला.

पण एक सांगते, काढायला लागल्यावर मला ते थांबवेना. आधी जड होतं. लग्नातली नाव घातलेली भांडी, आईने दिलेली पितळी डब्यांची उतरंड, काढताना हात थबकायचा. मग एक दिवस लक्षात आलं की रोजचा स्वयंपाक तर मी त्याच चार भांड्यांत करते, बाकीची नुसती पुसते. बसंतीबाईच्या सुनेला पातेली दिली, शाळेच्या खिचडीवालीला मोठी परात दिली. रोज लागतं ते हाताच्या उंचीवर, जड ते खाली, जुनी डाळ पुढे आणि नवी मागे. निम्मे स्टीलचे डबे काढून काचेच्या बरण्या केल्या, म्हणजे आत काय आहे ते झाकण न उघडता दिसतं. हे सगळं छान झालं, असं तू म्हणशील. छानच झालं. फक्त हात ऐकत नाही. हिंग लागला की हात अजून डाव्या बाजूला वर जातो, आणि तिथे आता टिनाचा खिळा आहे. बोट दोनदा कापलं. आणि एक जागा जमली की वाटतं, नाही, हे इथे नको. मग पुन्हा सगळं खाली. तुझे बाबा म्हणतात, तुला भूतबाधा झाली आहे. मला झोप लागत नाही आणि मला बसवत नाही, एवढं खरं.

स्वयंपाकघर रिकामं झालं तसं चंदाबाईला बोलावलं. खेमसिंगची बायको गं, तुझ्या लग्नात कशिद्याचा बटवा घेऊन आली होती ती. आम्ही दोघींनी पदर खोचून, नाकाला फडकी बांधून तुझ्या खोलीतला कापूस स्वयंपाकघरात भरला. खोली धुतली, चुना दिला, खिडकीला जाळी लावली. आढ्याचं पाळण्याचं कडं तसंच आहे, तेल घातलं तर अजून गोल फिरतं. माळ्यावरून तुझं बोंडलं काढलं, सहाण काढली. मला इतकं बरं वाटत होतं की मी चंदाबाईसमोर अंगाई म्हणायला लागले, आणि ती मला हसली. मग मी शेवटी माळ्याच्या कोपऱ्यातून लोखंडी शेगडी ओढली. तुझ्या वेळी माझ्या खाटेखाली होती तीच. ओवा, शेपा, बाळंतशेपांची धुरी, सकाळ-संध्याकाळ शेक. घासून लख्ख केली आणि तुझ्या खोलीत नेऊन ठेवली.

तुझे बाबा दारात आले. त्यांनी खोली पाहिली, चुना पाहिला, कड्याला हात लावून पाहिला. मग त्यांची नजर खाली गेली. ओरडतील असं मला वाटलं होतं, काडेपेटी मागितली तरी ओरडतात. पण ते अगदी हळू म्हणाले, "अगं, ही पेटवशील कुठे?"

मी भिंतींकडे पाहिलं. एका भिंतीपलीकडे मधली खोली, दुसऱ्या भिंतीपलीकडे माझं स्वयंपाकघर, दोन्ही आढ्यापर्यंत भरलेली, आणि मध्ये मी बाळंतिणीची खोली केली होती. महिनाभर सगळं घर मी उलथंपालथं केलं, एकेका डब्याला जागा शोधली, आणि विस्तव ठेवायला जागा नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. जिथे कापूस आहे तिथे विस्तव नाही, आणि जिथे बाळंतीण आहे तिथे विस्तव पाहिजे. एवढं साधं. वर ते किडे, आणि उद्याचं ते कोवळं अंग. मी शेगडीशेजारी जमिनीवर बसले आणि रडले. तुझे बाबा माझ्या शेजारी बसले. असे ते कधी बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून त्यांनी सांगितलं की मी उद्या गाडी बोलावतो, आहे त्या भावात काढून टाकतो. शालूपुढे काय कापूस. मला आनंद व्हायला हवा होता. पण खेमसिंग आणि चंदाबाई अंगणात उभे होते, त्यांना बोलावून घेतलं होतं. खेमसिंग म्हणाला की बाबूजींनी थांबा म्हटलं तं थांबलो, इका म्हटलं तं इकू. चंदाबाई माझ्याकडे बघत होती. त्यांची उज्ज्वला गेल्या वर्षी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आहे, यंदा जूनमध्ये तिला यवतमाळला नर्सिंगला घालायचं आहे. ते सगळं या कापसावर आहे, हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिला माहीत आहे. पण ती, एवढंच म्हणाली, "इका न बाई. लेक काय रोज रोज येते का बाळंतपनाले? आमचं पाहू मंग."

शालू, मला ते ऐकवलं नाही. तुझ्या बाबांचा राग येतो मला, सगळ्या गावाला दिसेल एवढा येतो. पण ते कापूस धरून बसले आहेत ते हट्टापायी नाही, हे मला त्या अंगणात कळलं. स्वतःचा एकट्याचा असता तर संक्रांतीलाच विकून मोकळे झाले असते. त्यांनी दुसऱ्या माणसाला थांबवलं आहे. पाडव्यापर्यंत थोडा जरी चढला तरी त्यांना खेमसिंगकडे बघता येईल. माझ्या लेकीची खोली मोकळी करायला चंदाबाईच्या लेकीचा कापूस बाहेर काढायचा, हे माझ्याने होईना. मी म्हटलं, गाडी नको. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि पुढे काय बोलायचं ते मलाच माहीत नव्हतं. मी पडवीत आले आणि साखरेचा डबा पुन्हा हलवला.

आणि तेव्हा ती मांडणी मी नीट पाहिली. महिनाभर मी तिला लावते आहे, काढते आहे. एक फळी आहे काचेच्या बरण्यांची, हाताच्या उंचीवर, मीठ-साखर-चहा-तांदूळ-मूगडाळ. ज्या माणसाला घरात मीठ सापडत नाही त्यालाही सापडेल अशी. आणि खालच्या फळीवर सगळं लहान लहान, घट्ट झाकणाचं, एकात एक बसणारं: डिंक, मेथी, आळीव, खारीक, तूप, माझी ज्वारीच्या पिठाची डबी, माझा तवा, माझं एक पातेलं. मी म्हणत होते, कापसाला जागा करते आहे. हात मात्र भलतंच काहीतरी करत होते. ते सामान बांधत होते.

म्हणून हे पत्र. तू येऊ नकोस, मी येते. पाडव्यानंतर तुला आणायचं तर आठवा सरत येईल, आणि तेव्हा तुला गाडीचे धक्के नकोत. होळी झाली की शेजारच्या मारोतरावांचा मुलगा तुमच्या नाशिकला परत जाणार आहे, त्याच्याच गाडीला बसते. सोबत एक पत्र्याची पेटी, एक वातीचा स्टोव्ह आणि ती शेगडी. तुझ्या बाल्कनीत विस्तव चालेल का, तेवढं घरमालकाला विचारायला आमच्या जावईबापूंना, अनिमेषरावांना सांग. तुझे बाबा आधी नाही म्हणाले, लेकीच्या दारात राहायला जायचं, लोक काय म्हणतील. मग म्हणाले, "आणि तू जेवशील काय तिथं?" ते खरं आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपली रीत, आणि तुला ती मुळीच आवडत नाही हे मी विसरलेली नाही. दोन वर्षांपूर्वी ते सगळं झालं, तुझं तिसऱ्या महिन्यातच गेलं, तेव्हा आम्ही धावत आलो आणि बाबांनी दारव्ह्याहून पाणी आणलं होतं. तू अंथरुणातून विचारलंस, "आई, माझ्या घरचं पाणीसुद्धा नको का तुम्हाला?" ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. रीत पाळल्याने तेव्हा काही वाचलं नाही, आणि मोडल्याने आता काही बिघडणार नाही, हे मला डोक्याने कळतं. पण मला भीती वाटते गं. या वेळी मी कशालाच धक्का लावणार नाही. माझ्या भीतीचा एवढा मान ठेव. पाण्याचं मी असं ठरवलं आहे की नळाला येतं ते धरणाचं, ते काही तुझ्या घरचं नाही. रीत पाळायची तर थोडी वकिली करावीच लागते. अन्न माझं मी शिजवीन, आणि त्यातलं तुलाही वाढीन, कारण आईच्या हातचं खायला लेकीला कसलीच मनाई नाही. म्हणजे बघ, मी माहेरच पेटीत घालून आणते आहे. तुझं स्वयंपाकघर लहान आहे, ओट्यावर हात फिरवायला जागा नाही, असं तूच लिहिलं होतंस. मला फक्त एक फळी रिकामी करून दे, खालची चालेल. तेवढ्यात मला मावता येतं, महिनाभर मी तेच शिकले आहे. आणि बाळ रडलेलं ऐकलं की त्या क्षणी ती फळी तुला परत. माझा स्टोव्ह मी विझवीन आणि पाय पसरून बसेन, आणि अनिमेषराव मला तुझ्या घरचा चहा करून देतील, तुझ्या पातेल्यात, तुझ्या साखरेचा. साखर जरा जास्त घालायला सांग.

तुझीच,
आई